बेचाळीस किलोमीटरचा सत्कार

आपल्या आयुष्यात सुख नाही, हे नेमिनाथ मगदूमला बावन्नाव्या वर्षी कळलं, तेही एका वातानुकूलित हॉलमध्ये, आगाऊ फी भरल्यावर. तोपर्यंत त्याचं बरं चाललं होतं. शिरोली एमआयडीसीत स्वतःचं मशीन शॉप होतं. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगला भोकं पाडायची, घासून-पुसून मापात आणायची आणि परत धाडायची. हाताखाली अकरा कामगार, राजारामपुरीत फ्लॅट, हातकणंगल्याला वाटणीचा थोडा ऊस, बायको नंदिनी, मुलगी आदिती. दिवस मावळायच्या आत जेवण आणि नऊच्या ठोक्याला घोरणं. अशा माणसाला दुःख शोधून देणं सोपं काम नव्हे, पण सौमित्र सरांनी ते दोन दिवसांत करून दाखवलं.

सौमित्र सर पुण्याहून यायचे. कानाला माईक, पायात दुधासारखे पांढरे बूट, आणि शिबिराचं नाव 'शिखर'. कोल्हापूरचे साठ जण, त्यात दोन सराफ, चार डॉक्टर आणि बाकीचे कारखानदार, आपापल्या आयुष्यात काय कमी आहे ते वहीत लिहून काढत होते. सर एकेकाला उभं करून ध्येय विचारत होते. नेमिनाथची पाळी आली.

"आणखी एक सीएनसी मशीन घ्यायचं म्हणतोय," तो म्हणाला.

सरांनी डोळे मिटले. पंगतीत कुणी दुसऱ्यांदा मठ्ठा मागावा आणि वाढप्यानं ऐकून न ऐकल्यासारखं करावं, तसा त्यांचा चेहरा झाला. "नेमिनाथजी, हे ध्येय नाही. ही खरेदी आहे."

हॉल हसला. नेमिनाथचे कान तापले.

"ध्येय असं हवं," सर म्हणाले, "की नुसतं उच्चारलं तरी छाती धडधडली पाहिजे."

नेमिनाथची छाती दोन जिने चढलं तरी धडधडायची. त्यामुळे धडधडणं आणि पळणं यांचा संबंध त्याच्या डोक्यात लगेच जुळला. "मॅरेथॉन पळतो मग," तो बोलून गेला. "बेचाळीस किलोमीटर. पुरी."

साठ माणसं उभी राहिली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. नेमिनाथसाठी इतकी माणसं एकदम उभी राहायची ही आयुष्यातली दुसरी वेळ. पहिल्या वेळी तो बोहल्यावर होता, आणि तेव्हाही निम्मी माणसं जेवणाची पंगत धरायला उठली होती. त्याला गहिवरून आलं.

आता एक गोष्ट नेमिनाथनं त्या हॉलमध्ये सांगितली नाही, ती इथं सांगायला हवी. त्याच्या घरात पळणारं माणूस आधीच होतं. आदिती सतरा वर्षांची. पाच हजार मीटर पळायची. राज्यस्तरीय स्पर्धेत दुसरी आली होती. मे महिन्यात बेंगळुरूजवळच्या एका अकादमीनं चाचणी घेऊन तिला निवडलं होतं. दोन वर्षं तिथंच राहायचं, तिथंच सराव, जवळच्या कॉलेजात शिक्षण. अठरा पूर्ण नसल्यामुळे अर्जावर आई आणि वडील दोघांच्या सह्या लागत होत्या. पंचवीस जून ही शेवटची तारीख. नंदिनीनं पहिल्याच दिवशी सही केली होती. वडिलांची रेघ मात्र अजून कोरी होती.

"पळणं हा काय पोटापाण्याचा धंदा हाय व्हय?" नेमिनाथचं हे एकच वाक्य होतं आणि ते तो सकाळ-संध्याकाळ गोळीसारखं देत होता. "बी.फार्म. कर. मेडिकल टाकून देतो. पोरीच्या जातीनं दोन वर्षं परमुलखात राहून करायचं काय, तर पळायचं!"

शिबिराहून तो घरी आला तो हवेत तरंगतच. जेवताना त्यानं जाहीर केलं की आपण मॅरेथॉन पळणार. नंदिनीच्या हातातली आमटीची पळी तिथल्या तिथं थांबली.

आदितीचे डोळे मात्र चमकले. "म्हणजे पप्पा, माझ्या अर्जावर..."

"तुझा इथं काय संबंध?"

"तुम्ही पळणार म्हणतासा की."

"माझं निराळं हाय. ही वैयक्तिक प्रगती हाय," नेमिनाथ म्हणाला. "तू आधी बी.फार्म.चं बघ."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं आपल्याकडे म्हणतात. नेमिनाथनं अजून लोकांना सांगायला सुरुवातही केली नव्हती. पाषाण मात्र घरात येऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो नवीन बूट घालून रंकाळ्यावर गेला. बूट एवढे महाग होते की पहिली शंभर पावलं त्यानं चिखल चुकवण्यातच घालवली. मग पळाला. पाचशे मीटरवर कुशीत कळ आली आणि तो थांबला, मग पुन्हा पळाला. आठशेवर डोळ्यांपुढं काजवे. एक किलोमीटर होईस्तोवर साडेनऊ मिनिटं झाली आणि तो कठड्याला धरून उभा राहिला. समोरून आदिती आली, वाऱ्यासारखी गेली, फेरा मारून पुन्हा आली, तरी हा कठड्यालाच. तिनं नुसती पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि गेली. तिसऱ्या दिवशी त्याचा गुडघा सुजला आणि प्रगती थांबली.

त्यानं सरांना फोन लावला. सर म्हणाले, "शरीर मागून येतं, नेमिनाथजी. आधी मन पोचलं पाहिजे. ध्येय पूर्ण झालंच आहे असं लिहा. 'करीन' नाही, 'केलं'. आणि ते दिवसातून दहा वेळा डोळ्यांसमोर येईल असं लावा."

पुण्याच्या माणसानं हे ऐकलं असतं तर चिठ्ठी लिहून कपाटाला आतून चिकटवली असती. पण कोल्हापुरात डोळ्यांसमोर लावायचं म्हणजे फ्लेक्स. इथं पोरगं बालवाडीत गेलं तरी फ्लेक्स लागतो आणि म्हैस जास्त दूध द्यायला लागली तरी लागतो, आणि त्याच्या खाली शुभेच्छुक म्हणून ज्यांनी ती म्हैस उभ्या जन्मात पाहिली नाही अशा चाळीस जणांचे गॉगल घातलेले फोटो असतात. नेमिनाथ तर साधं काम करत होता. केबिनच्या भिंतीवर लावायला दोन बाय तीनचा छोटा फ्लेक्स, एवढंच. त्यानं कृष्णातला मोबाइलवर मजकूर पाठवला: 'मी, नेमिनाथ मगदूम, बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन पूर्ण केली आहे. मी आनंदी आहे.'

कृष्णात त्याचा शाळेपासूनचा दोस्त. फ्लेक्स छापणं हा त्याचा धंदा आणि दोस्तांसाठी जीव टाकणं हा त्याचा स्वभाव. त्यानं मजकूर वाचला आणि त्याचे डोळे भरून आले. नेम्या पळून आला आणि कुणाला बोललासुद्धा नाही! आणि आता लावतोय काय, तर दोन बाय तीन, तेही केबिनमध्ये! दोस्त इतका साधा असला म्हणून दोस्तांनी हात बांधून बसायचं होय?

सकाळी राजारामपुरीच्या चौकात पंधरा बाय वीसचा फ्लेक्स उभा होता. 'नाद करायचा न्हाय!' अशी वरती आरोळी. खाली 'मॅरेथॉन सम्राट मा. नेमिनाथजी मगदूम यांनी बेचाळीस किलोमीटर अंतर लीलया पार केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' नेमिनाथचा चेहरा पुतणीच्या लग्नातला, कपाळावरच्या अक्षतांसकट. मानेखालचा भाग मात्र कुणा परदेशी धावपटूचा, पोटावर सिक्स पॅक आणि मांड्या खांबासारख्या. पायथ्याशी शुभेच्छुक, त्यात कृष्णात सगळ्यांत मोठा.

नेमिनाथनं गाडीतून ते पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला. हे आत्ताच्या आत्ता उतरवायला सांगायचं, असा पक्का निश्चय करून तो खाली उतरला. तो निश्चय होता, हे त्याच्या बाजूनं नमूद करायला हवं. पण कोपऱ्यावरचा दूधवाला पुढं आला आणि त्यानं त्याचा हात हातात घेऊन कपाळाला लावला. वजन कमी करा म्हणून दर सहा महिन्यांनी खेकसणारे डॉक्टर स्कूटर थांबवून म्हणाले, "मगदूम, मानलं तुम्हाला." तेवढ्यात कृष्णात पेढ्यांचा पुडा घेऊन आला.

"अरं कृष्णात, ते अजून झालेलं न्हाय..."

"गप रं!" कृष्णातनं त्याच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. "कळला तुझा साधेपणा. लई ताणू नगंस आता. कुठं पळालास ते सांग फक्त."

तोंडात पेढा असताना खरं बोलणं भल्याभल्यांना जमत नाही. नेमिनाथनं हात वर करून नुसता कुठंतरी दाखवला.

"दक्षिणेत," कृष्णात गर्दीला म्हणाला.

झालं. दुपारपर्यंत नेमिनाथच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं आणि संध्याकाळपर्यंत त्याला दक्षिणेतली उष्णतासुद्धा आठवायला लागली होती.

पुढचे दहा दिवस सुखाचे गेले. हे खोटं नाही, नेमिनाथ खरोखर सुखी झाला. मंडळानं नारळ दिला, एका शाळेनं प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं, कामगारांनी वर्गणी काढून भिंतीवरचं घड्याळ दिलं. हॉटेलात अनोळखी माणसं विचारायची, "पावणं, नंबर कितवा आला?" आणि तो मंद हसून म्हणायचा, "नंबर म्हत्त्वाचा न्हाय, पूर्ण करणं म्हत्त्वाचं." रंकाळ्यावर जाणं त्यानं बंद केलं. बेचाळीस पळून आलेल्या माणसानं रंकाळ्यावर एकात धापा टाकायच्या हे बरं दिसत नव्हतं. गुडघाही बरा झाला.

घरात मात्र नंदिनी सरळ विचारायची. "अहो, तुम्ही पळालासा कधी? रोज रात्री तर हितंच घोरत असतासा."

"मन पोचलंय. शरीर मागनं येतं."

"मग शरीर येईस्तोवर मनाला सांगा, दळण आणायचं हाय."

आदिती रोज जेवणानंतर अर्ज त्याच्यापुढं ठेवायची, तो रोज बी.फार्म. म्हणायचा, ती रोज अर्ज उचलून न्यायची. तेवीस जूनच्या संध्याकाळी तिनं अर्ज ठेवला नाही. नेमिनाथला वाटलं, पोरीला अक्कल आली.

चोवीस जूनला सौमित्र सरांचा मोठा कार्यक्रम होता. 'शिखर'ची पुढची तुकडी भरायची होती आणि त्यासाठी मोफत व्याख्यान, नाट्यगृहात, सातशे खुर्च्या. फ्लेक्सचा फोटो पुण्याला पोचला होता, आणि पहिल्या तुकडीतून शिखरावर पोचलेला एकच माणूस सरांच्या हाताशी होता. बाकीचे अजून पायथ्याशी हप्ते भरत होते. सरांनी नेमिनाथला फोन करून सांगितलं की सत्कार होईल, दहा मिनिटं बोलायचं, मुद्दे मी पाठवतो. "सर, एक सांगायचं होतं," नेमिनाथ म्हणाला. सर म्हणाले, "स्टेजवर सांगा." एवढ्यावर त्याच्या सदसद्विवेकबुद्धीचं समाधान झालं.

दिवस मावळायच्या आत जेवून, नवा कुर्ता घालून नेमिनाथ निघाला. नंदिनी आणि आदितीही सोबत आल्या. आपण न बोलावता आल्या याचं त्याला फार बरं वाटलं.

स्टेजवर त्याला गुलाबी कोल्हापुरी फेटा बांधला. शाल आली, श्रीफळ आलं. सर म्हणाले, "तीन महिन्यांपूर्वी हा माणूस मला म्हणाला होता, मला एक मशीन घ्यायचंय!" सातशे माणसं हसली. तीन महिने नव्हे, तीन आठवडे झाले होते, पण अशा ठिकाणी आठवड्यांचे महिने होतातच. नेमिनाथ माईकसमोर उभा राहिला आणि मुद्द्यांचा कागद काढला. आधी त्याचा आवाज कापला. मग टाळ्या आल्या. मग त्यानं कागद खिशात घातला, कारण आता त्याला आतूनच येत होतं.

"वय हा नुसता आकडा हाय!" तो गरजला. टाळ्या. "लोक काय म्हणतील ह्याचा इच्यार केला तो संपला!" टाळ्या. कृष्णात पहिल्या रांगेत उभा राहून शिट्ट्या मारत होता. "आणि आई-बापांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो. लेकरू पळतंय म्हटलं तर त्याला पळू द्या. पोटापाण्याचं काय म्हणून त्याच्या पायात पाय घालू नका. लेकराच्या वाटंत आडवा येतो तो बाप न्हवं, वैरी!"

सगळं नाट्यगृह उभं राहिलं. आणि त्या उभ्या गर्दीतून आदिती चालत आली, बाजूच्या पायऱ्या चढली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात अर्ज होता.

माईक चालूच होता. "पप्पा, सही," ती म्हणाली. "उद्या शेवटची तारीख हाय."

सौमित्र सर धंद्यात मुरलेले. त्यांनी क्षणात ओळखलं की असला प्रसंग पैसे देऊन मिळत नाही. "कन्या! यांची कन्या!" ते ओरडले आणि स्वतःचं पेन टोपण काढून नेमिनाथच्या बोटांत दिलं. सातशे मोबाइल वर झाले.

नेमिनाथला नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. ते त्यानं आत्ताच, सगळ्यांदेखत, वापरून टाकलं होतं. वेळ काढायचा म्हणून तो अर्ज वाचायला लागला. तीन आठवडे रोज समोर येणारा हा कागद त्यानं आज पहिल्यांदा वाचला. नाव, जन्मतारीख, उंची. मग 'पाच हजार मीटर, सर्वोत्तम वेळ: सतरा मिनिटं बेचाळीस सेकंद.'

त्याचा उभा जन्म मापं बघण्यात गेला होता. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडं झाला तर कास्टिंग परत येतं, हे त्याला झोपेतही कळायचं. त्यानं मनात भागाकार केला. किलोमीटरला साडेतीन मिनिटं. त्याला एकाला साडेनऊ लागली होती आणि त्यानंतर कठडा. एवढी वर्षं पोरगी पहाटे उठून काय करते हे त्यानं कधी विचारलं नव्हतं, आणि तिनं काय केलं होतं ते इथं सेकंदात लिहिलेलं होतं. त्याला लाज वाटली. इतकी की फेट्याखाली डोकं गरम झालं आणि हे सगळं सोडून घरी जाऊन पडावंसं वाटलं.

त्यानं सही केली. आदितीनं तिथंच विंगेत उभं राहून अर्जाचा फोटो काढला, अकादमीला पाठवून दिला आणि मगच त्याच्या पाया पडली. सरांनी त्या रात्री पुढची तुकडी भरली, वर अजून एका तुकडीची यादी केली.

परतताना गाडीत नंदिनी मागं बसली होती आणि आदिती पुढं. फेटा मांडीवर घेऊन नेमिनाथ गाडी चालवत होता.

"घरात मागायचीस की सही," तो शेवटी म्हणाला. "चारचौघांत गाठलंस."

"घरात तीन आठवडं मागितली की, पप्पा."

"मग आज स्टेजवर मी देईन असं कशावरनं वाटलं?"

आदितीनं खिडकीबाहेर बघितलं. "घरात तुम्ही खरं बोलतासा," ती म्हणाली. "स्टेजवर तसं न्हाय."

मागं नंदिनीला खोकला आला. नेमिनाथला राग यायला हवा होता, पण तो आला नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "उद्या येऊ का तुझ्यासंगं पळायला?"

"या की. पण मी थांबणार न्हाय."

आणि ती थांबली नाही. सकाळी सहाला रंकाळ्यावर दोघांनी एकदम सुरुवात केली आणि वीस पावलांत ती लांब गेली. नेमिनाथ मात्र आज सातशे मीटर न थांबता गेला. मग बाकावर बसला आणि तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागला. लांब पाण्याच्या पलीकडच्या कडेनं तिचा लाल टी-शर्ट एका लयीत सरकताना दिसत होता. त्या लाल ठिपक्याकडे बघताना त्याला जे वाटलं ते दहा दिवसांच्या नारळ-शालींत एकदाही वाटलं नव्हतं. जुलैत ही घरात नसणार, हेही त्याला त्याच वेळी कळलं.

टोपी घातलेले एक गृहस्थ फिरता फिरता समोर थांबले. त्याला निरखून बघत म्हणाले, "पावणं, तुम्ही मॅरेथॉनवालं मगदूम न्हवं? राजारामपुरीत फ्लेक्स हाय बघा तुमचा."

नेमिनाथनं त्यांच्याकडं बघितलं. आज तोंडात पेढा नव्हता.

"मगदूम मीच," तो म्हणाला. "पण मी मॅरेथॉन-बिरेथॉन काय पळालेलो न्हाय. एक किलोमीटर पळालो की मरायला होतंय मला. ती बघा, ती लाल कपड्यातली. पळत्या ती. माझी पोरगी हाय."

गृहस्थांनी टोपी काढली आणि वाकून नेमिनाथच्या गुडघ्याला हात लावला.

"एवढं मोठं काम करून आला आणि जरा म्हणून गर्व न्हाय!" ते भरल्या गळ्यानं म्हणाले. "पोरीचं नाव पुढं करतोय मानूस!"

"अहो, खरंच न्हाय पळालो. शप्पथ."

"कळतंय की, कळतंय," असं म्हणत ते त्याच्या शेजारी बाकावर बसले, गळ्यात हात टाकला आणि मोबाइल लांब धरला. "जरा हसा की, साहेब."